समुद्रात राहिलेल्या खलाशांना त्यांचं गाव परत द्या

प्रति,
कोकणाचा आणि मुंबई बंदराचा इतिहास लिहिणारे संशोधक, गावोगावचे ग्रामइतिहासकार, आणि त्यांचं लेखन छापणारे संपादक यांस,



आपण केलेल्या कामाबद्दल आदर आहे, म्हणूनच हे पत्र लिहितो आहे. आंग्र्यांचं आरमार, जलदुर्ग, दाभोळ-राजापूरचा जुना व्यापार, गिरणगावात गेलेला चाकरमानी आणि त्याच्या मनीऑर्डरीवर चाललेलं घर, हे सगळं आपण मराठीत आणलंत. पण या इतिहासात एक पिढी सापडत नाही. दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश व्यापारी जहाजांवर कामाला गेलेली आणि परत न आलेली किनाऱ्यावरची पोरं आपल्या पुस्तकांत जवळजवळ नाहीत. आली तर ‘काही लोक बोटीवर जात’ एवढ्या अर्ध्या वाक्यात येतात. माझी तक्रार या अर्ध्या वाक्याविषयी आहे.

आधी प्रश्न केवढा आहे ते पाहू. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवरच्या माणसांपैकी साधारण चौथा हिस्सा हिंदुस्थानी होता, म्हणजे पन्नास हजारांच्या आसपास माणसं. कागदोपत्री त्यांना ‘लास्कर’ म्हणत. त्यांतले सुमारे ६,६०० त्या युद्धात मेले आणि बाराशेच्या वर शत्रूच्या कैदेत गेले. पहिल्या महायुद्धात मेलेल्यांचा आकडा ३,४०० च्या वर सांगितला जातो. या माणसांची भरती मुख्यतः कलकत्ता आणि मुंबई या दोन बंदरांतून होई. मुंबईत कामाची वाटणी ठरलेली होती. डेकवर रत्नागिरी जिल्ह्यातले आणि गुजरात किनाऱ्यावरचे खलाशी, इंजिनखान्यात पंजाबी आणि पठाण, तर जेवणघरात आणि प्रवाशांच्या सेवेला गोवेकर. डेकवरच्या टोळीचा मुकादम तो सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, चाकावर सुकाणी. खाली भट्टीपाशी आगवाले आणि तेलवाले. स्वयंपाकाला भंडारी. या हुद्द्यांची नावं ब्रिटिश कंपन्यांनी आपल्या किनाऱ्यावरून उचलली आणि इंग्रजी वर्णांत आपल्या वह्यांत लिहिली. भरती बहुतेक सारंगाच्या ओळखीने व्हायची. तो आपल्या गावातली, आपल्या जमातीतली, कधी नात्यातली पोरं आणायचा, त्याबद्दल त्यांच्या पगारातला वाटाही घ्यायचा. त्यामुळे एखादं जहाज बुडालं की एकाच गावातल्या कितीतरी घरांवर एकाच रात्री घाला पडायचा. स्थानिक इतिहासासाठी याहून महत्त्वाची घटना कोणती असू शकते? आणि तरीही ती स्थानिक इतिहासात नाही.

त्यांची नावं कुठेच नाहीत असं मात्र नाही. मुंबईत मशीद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सहा हजारांहून अधिक नावांचं स्मृतिपुस्तक तिथेच आहे, आणि त्याची तंतोतंत दुसरी प्रत बांगलादेशात चितगावच्या युद्धस्मशानात आहे. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोग ही स्मारकं सांभाळतो. लंडनमध्ये टॉवर हिलवर व्यापारी नाविकांचं मोठं स्मारक आहे. समुद्राखेरीज ज्यांना कबर नाही अशा दोन्ही युद्धांतल्या सुमारे ३६,००० माणसांची नावं तिथे ज्या त्या जहाजाखाली कोरली आहेत. पण लास्करांच्या वेगळ्या करारावर भरती झालेल्या हिंदुस्थानी खलाशाचं नाव तिथे आपल्या जहाजाखाली शोधू नये. कप्तान आणि गोरे अधिकारी लंडनच्या पट्टीवर, त्याच बोटीचे खलाशी मुंबई-चितगावच्या पुस्तकात. एका रात्री एका पाण्यात गेलेली माणसं कागदावर दोन खंडांत वाटली गेली आहेत.

त्या पुस्तकातली एक नोंद जवळून पाहावी. आधी नाव, तेही रोमन लिपीत, साहेबाच्या कानाला जसं लागलं तसं. मग हुद्दा, जहाज, त्या जहाजाचं नोंदणीचं बंदर, आणि तारीख. अनेक नोंदींत वय आणि बापाचं नाव मिळतं, काहींत बायकोचं, काहींत गाव किंवा जिल्हा. कित्येकांत यातलं काहीच नाही, फक्त एकेरी नाव. क्रम नीट पाहिला की माझा मुद्दा कळेल. या नोंदीचा कणा जहाज आहे, गाव हे त्यातलं उपांग आहे. लष्करातल्या शिपायाचं असं नव्हतं. त्याची पलटण जिल्ह्यावरून आणि जातीवरून उभी राहायची, निवृत्तिवेतनाचे कागद तालुक्याला यायचे, आणि युद्धानंतर सरकारने गावोगावी संगमरवरी पाट्या बसवल्या की या गावातून अमुक माणसं महायुद्धावर गेली, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. साताऱ्याजवळचं अपशिंगे पहिल्या महायुद्धात गमावलेल्या ४६ जवानांचा स्तंभ आजही सांभाळतं, आणि गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लावतं. शिपायाचं मरण गावाच्या खात्यावर पडलं, खलाशाचं जहाजाच्या खात्यावर. जहाज तळाला गेलं, कंपन्या विकल्या गेल्या, एकमेकींत विलीन झाल्या किंवा बंद पडल्या, आणि त्या खात्याला वाली उरला नाही. आठवण ठेवण्याची इच्छा नव्हती असा आरोप मी गावांवर करणार नाही. ज्या कागदावर आठवण टिकते तो कागद त्यांच्यापर्यंत आलाच नाही. तो आणून देणं हे इतिहास लिहिणाऱ्यांचं काम आहे, म्हणून हे पत्र सरकारला न लिहिता आपल्याला लिहिलं.

हे काम कोणी हाती घेतलं नाही की काय होतं, ते ‘तिलावा’ या बोटीवरून दिसतं. ब्रिटिश इंडिया कंपनीची ही आगबोट २० नोव्हेंबर १९४२ ला मुंबईहून आफ्रिकेकडे निघाली. वर ९५८ माणसं होती. २३ तारखेच्या पहाटे सेशेल्सच्या ईशान्येला जपानी पाणबुडीने तिच्यावर टॉर्पेडो सोडले. २८० माणसं गेली, त्यांत २८ जहाजावरचे कर्मचारी होते. याच जहाजावर दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने नाणी पाडण्यासाठी घेतलेली चांदी होती. २०१७ मध्ये एका कंपनीने अडीच किलोमीटर खोल पाण्यातून त्या चांदीच्या २,३६४ लगडी वर काढल्या. त्या लगडींवरच्या कंपनीच्या दाव्यावरून इंग्लंडच्या न्यायालयांत वर्षानुवर्षं वाद चालला आणि २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात निकाल दिला. लगड न् लगड मोजली गेली, कारण तिच्यावर हक्क सांगायला कोणीतरी उभं होतं. प्रवाशांच्या वंशजांनीही अलीकडच्या वर्षांत बोटीची आठवण मोठ्या कष्टाने जागी केली, त्यांचे आभारच मानायला हवेत. पण ज्या शहरातून ही बोट सुटली त्या शहराच्या मराठी इतिहासात तिच्या २८ कर्मचाऱ्यांची घरं कुठे होती हा प्रश्न अजून विचारला जायचा आहे.

दुसरं उदाहरण ‘सिटी ऑफ बनारस’चं. बॉम्बवर्षावातून वाचवण्यासाठी कॅनडाला पाठवलेली ९० ब्रिटिश मुलं या जहाजावर होती. १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री जर्मन पाणबुडीने अटलांटिकमध्ये ते बुडवलं आणि त्या ९० पैकी ७७ मुलं गेली. ब्रिटनमध्ये या मुलांवर पुस्तकं झाली, माहितीपट झाले. ते योग्यच झालं. पण त्या रात्री शंभराहून अधिक कर्मचारीही मेले, आणि त्यांतले बहुतेक हिंदुस्थानी होते. सप्टेंबरातला उत्तर अटलांटिक, वादळी वारा, आणि अंगात सुती कपडे. तराफ्यांवर आणि पाण्याने भरलेल्या होड्यांत ही माणसं तासातासाने गारठून मेली. बारा नंबरची होडी आठ दिवस समुद्रावर राहिली, तेव्हा कुठे विमानाच्या नजरेला पडली. तिच्यातली सहा मुलं वाचल्याची कथा जगाला माहीत आहे. त्या होडीतल्या ४६ माणसांत बहुसंख्य हिंदुस्थानी खलाशी होते. या मुलांच्या आठवणीतून आपण एक गोष्ट घेऊ शकतो: त्या खलाशांपैकी सगळ्यांत तरुण जो असेल त्याच्या वयाकडेही तसंच पाहायचं. या नोंदींत विशीच्या आतली आणि विशीतली मुलं कमी नाहीत. दोन बाजूंची मुलं एकाच लाटेखाली गेली, एवढं मान्य करायला कुठलाही राष्ट्रवाद आड येऊ नये.

तरी तो येतो, हे मला ठाऊक आहे. पहिली हरकत नेहमी हीच असते की ते युद्ध इंग्रजांचं होतं, ती माणसं साम्राज्यासाठी मेली, त्यांची स्मारकं आपण का बांधायची? ही हरकत गंभीर आहे, ती झटकून टाकण्यासारखी नाही. पण हाच निकष आपण इतरत्र लावतो का? फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत ‘तलवार’ या नाविक तळावरून उठाव सुरू करणारे नाविक इंग्रजांच्याच आरमारात होते. त्यांना आपण मानाने स्मरतो, मुंबईत त्यांचं स्मारक आहे, आणि ते असायलाच हवं. म्हणजे कोणत्या झेंड्याखाली नोकरी केली एवढ्यावरून आपण माणसाला इतिहासाबाहेर काढत नाही. आणि व्यापारी खलाशीही मुकाट्याने नोकरी करत नव्हता. युद्ध जाहीर होताच १९३९ च्या सप्टेंबरापासून ब्रिटिश बंदरांत आणि इतरत्रही लास्करांनी संप केले. त्याच धोक्याच्या पाण्यातून जाणाऱ्या गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या पाव हिश्श्याच्या आसपास त्यांना पगार होता. त्यांनी दुप्पट वेतन आणि युद्धभत्ता मागितला. शेकडो जण तुरुंगात गेले, आणि शेवटी कंपन्यांना पगार वाढवावा लागला. आपल्या कामगार चळवळीच्या इतिहासात गिरणी संपांना जी जागा आहे तिच्याशेजारी या संपांची जागा आहे. भारत सेवक समाजाचे दिनकर देसाई मुंबईच्या नाविकांची संघटना चालवत, आणि हिंदुस्थानातल्या नाविक कामगारांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९४० मध्येच निघालं. म्हणजे त्या काळच्या सार्वजनिक कार्यकर्त्यांना हा आपला प्रश्न वाटत होता. तो आपला राहिला नाही, तो नंतर.

दुसरी हरकत अशी की ते पैशासाठी गेले, देशासाठी नाही. खरं आहे, पोटासाठीच गेले. पण मुंबई अग्निशमन दलाचे जवानही पगारी नोकर होते. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’चा स्फोट झाला, त्यात दलाचे ६६ जण गेले, आणि आज सारा देश १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतो. ते जहाजही युद्धसामग्री घेऊन आलेलं इंग्रजांचंच जहाज होतं. तिथे कोणी ‘पगार घेत होते’ असं म्हणत नाही, आणि कधी म्हणूही नये. मुंबईला आठवण ठेवता येते. १७ जुलै १९४७ ला रेवसकडे जाताना बुडालेली ‘रामदास’ बोट कोकणाने आजवर विसरलेली नाही. म्हणजे समुद्रातलं मरणही आपण विसरत नाही. फरक एवढाच की ‘रामदास’ किनाऱ्याजवळ बुडाली आणि खबर त्याच दिवशी घरी आली. अटलांटिकमध्ये बुडालेल्याची खबर कंपनीच्या कागदावरून येणार, तीही इंग्रजीत, आणि मागे ना मयत ना दफन, ना दहाव्या-बाराव्याला धरायची तिथी. त्याच्या घरच्या बाईने वाट पाहणं कुठल्या दिवशी थांबवायचं?

आता एक गोष्ट स्पष्ट बोलतो, कारण ती टाळली तर पत्र अपुरं राहील. या खलाशांत मोठा वाटा कोकणी मुसलमानांचा होता. गोवेकरांत बहुतेक कॅथलिक. खारवी, भंडारी, गाबीत, कोळी हेही होते, पण कोकणाचा इतिहास म्हणून आपण जो मांडतो त्याच्या मध्यभागी यांतलं कोणीच नसतं. आपण जाणूनबुजून वगळलं असं मी म्हणत नाही. पण ज्यांच्या दप्तरांत, ज्यांच्या जमातींत, ज्यांच्या घरी आपलं येणं-जाणं नाही, त्यांचं मरण आपल्या लेखनात येत नाही, हे घडलं आहे. बाणकोट, हर्णे, दाभोळ, जयगड, राजापूर या बंदरांजवळच्या मुसलमान वस्त्यांत घरी बोलतात ती कोकणातलीच बोली. त्यांच्या पोरांचं मरण मराठीत लिहिलं जाणार नसेल तर ते दुसऱ्या कुठल्या भाषेत लिहिलं जाणार? इंग्रजीत हे काम चाळीस वर्षांपासून चाललं आहे. रोझिना विस्राम, गोपालन बालचंद्रन, रवी आहुजा यांनी लास्करांवर मोलाचं लिहिलं. त्यांना लंडनचं आणि दिल्लीचं अभिलेखागार खुलं होतं. गुहागरची वाडी आणि तिथलं आडनाव ओळखणं मात्र आपल्यालाच जमेल.

गोव्याचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे, आणि त्याकडे कोणी नीट पाहिलेलं नाही असं मला वाटतं. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ होता. म्हणजे सासष्टी-बार्देशातला कारभारी किंवा आचारी कायद्याने तटस्थ देशाचा प्रजाजन, नोकरीला ब्रिटिश जहाजावर, भरती मुंबईत. तो मेला तर कोणाचा हुतात्मा? लिस्बनला त्याचं सोयरसुतक नाही, लंडनच्या लेखी तो हिंदुस्थानी, आणि हिंदुस्थान तेव्हा अजून त्याचा देश व्हायचा होता. त्याचं खरं नागरिकत्व होतं धोबीतलाव-माझगावातल्या त्याच्या गावच्या कुडीचं. एका गावच्या लोकांनी चालवलेली खोली, तिथे ट्रंक ठेवायची, बोट लागेपर्यंत थांबायचं, संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायची. कुडी एकेक करून बंद पडत आहेत. त्यांच्या सभासदांच्या वह्या रद्दीत जाण्यापूर्वी कोणी पाहणार असेल तर ते आत्ताच पाहायला हवं.

तिसरी हरकत पुराव्यांची. कागद नाहीत, असं म्हटलं जातं. कागद आहेत, ते एकत्र आलेले नाहीत एवढंच. युद्धस्मशान आयोगाच्या नोंदी सर्वांना खुल्या आहेत. २०२१ मध्ये या आयोगाने स्वतःच नेमलेल्या समितीने कबूल केलं की पहिल्या महायुद्धानंतर साम्राज्यातल्या आफ्रिकी, आशियाई मृतांना स्मरणात बरोबरीची वागणूक दिली गेली नाही, आणि किमान १,१६,००० जणांची नावंच नोंदली गेली नसावीत. म्हणजे यादी अपुरी आहे हे यादी करणारेही मानतात. दुरुस्ती सुचवायला याहून चांगली वेळ येणार नाही. नोंदींचा एक नियमही लक्षात ठेवावा लागेल. व्यापारी नाविक शत्रूच्या कारवाईत मेला असेल तरच तो युद्धमृतांत धरला जातो. भट्टीपुढे उष्म्याने कोसळलेला किंवा परक्या बंदरात तापाने गेलेला आगवाला त्या पुस्तकात येत नाही. त्याला शोधायचं तर मशिदीच्या जमातीची दप्तरं, चर्चच्या मृत्युनोंदी, ग्रामपंचायतीची जुनी रजिस्टरं आणि घरच्या पेटीतलं सेवापुस्तक यांकडेच जावं लागेल. हे साहित्य लंडनच्या संशोधकाच्या हाती लागणार नाही, आपल्या लागेल.

म्हणून मागणी अशी, की त्या स्मृतिपुस्तकातली मुंबई बंदराशी निगडित नावं देवनागरीत आणावीत आणि ती जहाजवार न लावता गाववार लावावीत. हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. इंग्रजी नोंदीतलं ‘दाभोळ’ हे खाडीवरचं दाभोळ की संगमेश्वर तालुक्यातलं दाभोळे, हे आडनाव आणि जमात ओळखणारा माणूसच सांगू शकेल. ज्या नावाचं गाव ठरत नाही ते ठरवल्यासारखं करू नये, तसं सांगून पुढे जावं. यादी झाली की ती त्या त्या गावात वाचून दाखवावी. युद्धात गेलेल्यांची धाकटी भावंडं आणि मुलं आज ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांच्याकडून जे मिळेल ते पुढच्या पाच-सात वर्षांतच मिळेल. यातून वीरगाथा मात्र उभ्या करू नयेत ही माझी आग्रहाची विनंती. पगार किती होता, सारंगाने किती कापला, संपात तो होता का, घरी नुकसानभरपाई किती आली, हे लिहिलं गेलं तरच तो मुलगा माणूस म्हणून परत येईल. जिल्ह्याचा इतिहास नव्याने लिहाल तेव्हा त्यात या मृत्यूंना स्वतंत्र प्रकरण द्यावं, परिशिष्टात ढकलू नये.

संपादकांना वेगळं सांगणं आहे. दरवर्षी ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन येतो. १९१९ मध्ये त्या तारखेला सिंधिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून लंडनला निघाली, तिच्या आठवणीचा हा दिवस. स्वदेशी जहाजधंद्याची ती अभिमानाची तारीख आहे, तिच्यावर लेख येतातच. ब्रिटनने ३ सप्टेंबर हा आपला व्यापारी नाविक दिन युद्धाच्या आरंभाशी जोडला आणि त्या दिवशी ते मृतांना स्मरतात. आपल्या ५ एप्रिललाही दुसरा अर्धा भाग हवा. त्या दिवशीच्या अंकात अग्रलेख नसला तरी चालेल. एका गावाची नावं छापा: नाव, बापाचं नाव, वय, हुद्दा, जहाज, तारीख, आणि सगळ्यांच्या वर गाव. पुढच्या वर्षी दुसरं गाव. सुरुवातीला दापोली किंवा राजापूर, कुठलाही एक तालुका घ्या. तिथल्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना हे एका वर्षाचं प्रकल्पकाम म्हणून सहज करता येईल, आणि विद्यार्थ्यांना ज्या घरी जायचं ती घरं बहुधा त्यांच्याच वाडीत निघतील. जिथे कोणी आधीच असं टिपण करून ठेवलं असेल तिथे ते छापून काढा, कच्चं असलं तरी. चुका वाचक दुरुस्त करतील. तेवढी माणसं अजून हयात आहेत.

आपला नम्र,
कोकणच्या इतिहासाचा एक वाचक